लॉटरी सेव्ह, अपडेट ४: एक कोटी लागले, आता टीमला द्यायचे का?

नवीन आलेल्यांसाठी आधी थोडक्यात. फुटबॉल मॅनेजर 2024 या कॉम्प्युटर गेममध्ये मी कोल्हापुरातल्या आमच्या पेठेची तालीम, म्हणजे पेठेच्या मंडळाची फुटबॉल टीम, इंग्लंडच्या सहाव्या पायरीवर, व्हॅनारामा नॅशनल लीग नॉर्थमध्ये नेऊन बसवलीय. गेममधली माहिती बदलायचा एडिटर स्टीमच्या (गेम विकणाऱ्या साइटच्या) टूल्समध्ये फुकट मिळतो. तिथल्या एका क्लबाचं नाव, जर्सीचे रंग, बिल्ला सगळं बदललं, आणि सरावाची सोय मुद्दाम शेवटच्या पायरीवर ठेवली. गांधी मैदानात पावसाळ्यात काय होतं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना कारण सांगायला नको. 25 ची आवृत्ती फेब्रुवारी 2025 मध्ये कंपनीनंच रद्द केली, त्यामुळं 24 वरच हात बसलाय. 26 कधी घेणार असं कृपया विचारू नका.

या सेव्हचा, म्हणजे गेममधल्या चालू डावाचा, विषय कट्ट्यावर निघाला. आमच्या तालमीची टीम गेले दोन हंगाम लीगच्या तळाला घुटमळतेय. मोठा स्पॉन्सर सुटला, चांगली दोन पोरं नोंदणीच्या वेळी दुसऱ्या पेठेनं नेली. पेठेतले एक काका नेमानं राज्य लॉटरीचं तिकीट घेतात आणि दरवेळी जाहीर करतात, "लागलं की समदं टीमला." त्यावर जी भांडणं झाली ती इथं लिहीत नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला. समजा खरंच एक कोटी लागले, तर द्यावेत का? आणि द्यायचे तर कसे?

आधी कोटीचे किती उरतात ते बघू, कारण कट्ट्यावर कुणीच हा हिशोब करत नाही. लॉटरीच्या बक्षिसावर सरळ 30 टक्के आयकर. तुमचं बाकी उत्पन्न कितीही कमी असो, स्लॅबची सवलत नाही, तिकिटांवर वर्षानुवर्षं घातलेले पैसेही वजा होत नाहीत. 50 लाखांच्या वर उत्पन्न गेलं की करावर 10 टक्के अधिभार, आणि त्या सगळ्यावर 4 टक्के उपकर. म्हणजे 30 लाख, अधिक 3 लाख, अधिक 1 लाख 32 हजार. हातात 65 लाख 68 हजार. त्यातही गंमत अशी, की बक्षीस देताना फक्त 30 टक्के कापले जातात. काकांच्या खात्यावर 70 लाख दिसणार, आणि वरचे 4 लाख 32 हजार त्यांनी स्वतः भरायचे. ते भरायच्या आधीच 70 लाख टीमला देऊन मोकळे झाले, तर काका गोत्यात.

पौंड 110 रुपयांना धरला तर हे साठ हजार पौंडांच्या आतच येतात. सेव्ह सुरू करताना क्लबाच्या शिलकीत एवढेच टाकले आणि दोन वेगळे सेव्ह चालवले, अ आणि ब. शुगर डॅडी हा पर्याय बंद. तो चालू केला की मालक दरवर्षी खड्डा भरत राहतो. लॉटरी तशी नसते, ती एकदाच लागते.

अ सेव्ह: सगळं खेळाडूंवर

याचा शेवट मागच्या रविवारी झाला. पहिल्या हंगामात तीन तयार खेळाडू उचलले: वरच्या लीगमधून उतरलेला तिशी ओलांडलेला स्ट्रायकर, एक सेंटर बॅक, एक बॉक्स टू बॉक्स (दोन्ही टोकांना धावणारा) मिडफिल्डर. आठवड्याला प्रत्येकी चारशे पौंडांच्या आसपास. बावन्न आठवड्यांचा गुणाकार करा, तिघांत मिळून लॉटरी वर्षात संपते. पण वर्षभर मजा आली हे खरं. नाताळात आम्ही तिसरे होतो. स्ट्रायकर एका पायावर उभा राहून गोल मारत होता. या लीगमधून पहिला थेट वर जातो आणि दुसऱ्यापासून सातव्यापर्यंतच्या टीम प्लेऑफ, म्हणजे वर जायच्या उरलेल्या एका जागेसाठी बाद फेरी, खेळतात. आम्ही सेमीफायनल घरच्या मैदानावर जादा वेळेत हरलो. 118 वं मिनिट, कॉर्नर, आमचा महागडा सेंटर बॅक जवळच्या पोस्टला आणि बॉल लांबच्या पोस्टला. लॅपटॉप बंद करून खाली चहाला गेलो.

त्यानंतर 30 जून, करार संपायची तारीख. सहाव्या पायरीवर बहुतेक करार एकेका वर्षाचे. तिघंही फुकट निघून गेले, विकायला हातात काही नाही. प्रेक्षक वाढले होते ते ऑगस्टपर्यंत परत होते तेवढे झाले. दुसऱ्या हंगामात बोर्डानं पगाराचं बजेट छाटलं. ड्रेसिंग रूममध्ये आधीच कुरबुर होती, कारण जुन्या पोरांनी त्या तिघांचे पगार बघून स्वतःचे वाढवून मागितले होते आणि मी दिले होते. तळाच्या चारांत आलो, म्हणजे लीगमधून खाली. खाली गेममध्ये डीफॉल्टला खेळायची लीगच नाही. संपला विषय.

पगाराची ही भानगड मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बाहेरून आलेला पैसा फक्त नव्या माणसाला जात नाही. तो सगळ्यांचा भाव वाढवतो, आणि पैसा गेला तरी भाव खाली येत नाही. शाहू स्टेडियमवर नियमित येणाऱ्यांना हे गेममधून शिकायची गरज नाही. बाहेरगावचे, परराज्यातले, अगदी आफ्रिकेतले खेळाडू आपल्या तालमींतून खेळू लागले तेव्हापासून पेठेतलं पोरगंही विचारतं, मला काय? त्याचं चुकत नाही. पण उत्तर द्यायला दरवर्षी नवीन काका लागतात.

स्कॉटलंडची दोन उदाहरणं

अ सेव्ह बघून ग्रेटना हा क्लब आठवला. तीनेक हजार वस्तीचं गाव. ब्रूक्स माइलसन या उद्योगपतीनं पैसा ओतला आणि क्लब 2005, 2006, 2007 असा ओळीनं तीनदा वर चढला. 2006 मध्ये स्कॉटिश कपची फायनल, तीही पेनल्टीवर हरले. स्कॉटलंडच्या प्रीमियर लीगमध्ये पोचले तेव्हा गावचं मैदान नियमांत बसेना, म्हणून घरचे सामने मदरवेलच्या मैदानावर. मग माइलसन आजारी पडले, पैसा थांबला, मार्च 2008 मध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनात गेला आणि त्याच उन्हाळ्यात बंद झाला. टीम वर गेली, पण मैदान होतं तसंच राहिलं.

दुसरं उदाहरण तर थेट लॉटरीचं. कॉलिन वेअर आणि त्यांच्या पत्नीला जुलै 2011 मध्ये युरोमिलियन्स या लॉटरीचे 16 कोटी 10 लाख पौंडांहून जास्त लागले. कॉलिन ग्लासगोच्या पार्टिक थिसल क्लबाचे जुने समर्थक. त्यांनी क्लबाच्या युवा अकादमीला पैसा दिला, आणि नोव्हेंबर 2019 मध्ये 55 टक्के शेअर घेतले ते समर्थकांच्या हाती सोपवायला. डिसेंबरमध्ये ते वारले. 2020 मध्ये टीम तिसऱ्या पायरीवर घसरली, पुढच्या वर्षी परत वर आली. म्हणजे एवढा पैसा असूनही घसरगुंडी चुकली नाही. पण क्लब उभा आहे.

ब सेव्ह: मुद्दल कुलपात

इथं नियम मीच घातला, गेममध्ये मुदत ठेव नाही. साठ हजारांना हात लावायचा नाही, 7 टक्के व्याज मिळतंय असं समजून वर्षाला तेवढंच खर्चायचं. हिशोब केला तर आठवड्याला 80 पौंड! त्यात अठरा वर्षांखालच्या पोरांचा एक अर्धवेळ कोच आला. बस.

तीन हंगामांत चौदावे, सोळावे, अकरावे आलो. खरं सांगतो, कंटाळा येतो. मार्चमध्ये नवी पोरं येतात ते बघायला स्पेसबार दाबत दिवस पुढं ढकलत बसायचं आणि यादीत निम्म्यांना डावा पायच नाही. तिसऱ्या वर्षीच्या पोरांत मात्र एक लेफ्ट बॅक निघाला. सोळा वर्षांचा, 20 पैकी क्रॉसिंग 11, वर्क रेट (मेहनत) 15, बाकी सगळं अजून कच्चं. गेल्या महिन्यात त्याला पहिल्या टीममध्ये घेतलं. मोठ्या क्लबानं नेला तर निदान भरपाईचे चार पैसे तरी येतील.

हे मी तालमीत अण्णांना दाखवलं. अण्णा आमचे जुने गोलकीपर, सध्या किटची खोली आणि खर्चाची वही त्यांच्याकडं. त्यांनी लॅपटॉपकडं बघितलंच नाही, वही पुढं केली. एका सामन्याचं पान: केळी, बर्फ, चिकटपट्टी, दोन रिक्षा, पंपाची सुई, एका पोराचा एक्सरे. एक्सरेपुढं "मंडळ" लिहून खोडलेलं आणि खाली "स्वतः". म्हणाले, "हे बघ, आपल्याला आडवं हे येतंय. स्ट्रायकर न्हवं."

मग स्वतःच उलटं बोलले. "आणि व्याजावर पोरं मोठी हुईपर्यंत टीम खालच्या गटात गेली, तर बघायला कोण येणार? पाच वर्षं ढोल वाजवायला कुणी थांबत नाही बाबा. शिवाय पोरं आपण घडवायची आणि नोंदणीला दुसऱ्यानं न्यायची, भरपाई कोण देतंय?"

याला माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. अनिकेत जाधव कोल्हापूरचा, 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, पण त्यासाठी त्याला पुण्याला जावं लागलं. पोरगं चांगलं निघालं की ते जाणारच. मला त्यात वाईट काही दिसत नाही, पण दरवाज्यावर पैसे मोजणाऱ्याला दिसतं.

तरी माझं मत ब कडंच झुकतं, आणि कारण गेममधलं नाही, रुपयातलं आहे. आठवड्याला 80 पौंड इंग्लंडमध्ये किरकोळ. तेच व्याज इथं वर्षाला साडेचार लाखांच्या वर होतं. महिन्याला 15 हजार धरून लहान पोरांना वर्षभर कोच ठेवला तरी दीड-दोन लाखांत भागतं. उरलेल्यात बॉल, बूट, सामन्याला फिजिओ, आणि अण्णांच्या वहीतलं ते "स्वतः" कायमचं बंद. आपली तालीम म्हणजे मंडळ. तिचे शेअर नाहीत, नफ्याचा वाटा नाही, काकांना परत काही मिळणार नाही. दिलेला पैसा म्हणजे मोठी वर्गणीच. मग देतानाच अट घालावी: मुद्दल बँकेत, सहीला तीन माणसं, त्यातला एक पदाधिकारी नसलेला, आणि व्याजातून खेळाडूच्या मानधनाला एक रुपया नाही. आणि सगळे 65 लाख तर मुळीच देऊ नयेत. काकांना घर आहे, नातवंडं आहेत. निम्मे दिले तरी पेठ त्यांना खांद्यावर घेऊन मिरजकर तिकटीपर्यंत नाचवेल.

पुढं काय

अण्णांच्या बोलण्यावरून क सेव्ह सुरू करतोय. मुद्दलातला सहावा हिस्सा एका स्ट्रायकरवर, दोन वर्षांच्या करारानं, म्हणजे जाताना विकता तरी येईल. बाकी कुलपात. बघायचं एवढंच, की कोच काम करेपर्यंत टीम लीगमध्ये टिकते का.

दोन शंका आहेत, कुणी केलं असेल तर सांगा. एक, ब मध्ये बोर्डाकडं ज्युनियर कोचिंग सुधारायची मागणी कधी टाकता? माझी दोनदा फेटाळली, शिल्लक असूनही. दोन, एडिटरमध्ये क्लबाच्या शिलकीवर बोर्डानं हात मारू नये अशी काही सोय आहे का? ब च्या दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी माझ्या कुलूपबंद पैशातून पगाराचं बजेट परस्पर वाढवलं होतं. मी ते वापरलं नाही, पण वापरता आलं असतं.