कोठ्यावरची जुडी गेली, धुऱ्यावरच्या वाचल्या (पानकापी अपडेट)

मंडळी, वाईट बातमी आधी. पानकापीसाठी, म्हणजे पानाचे तुकडे कापून घर बांधणाऱ्या मधमाशीसाठी, कोठ्याच्या मागच्या भिंतीला टांगलेली बांबूच्या पुंगळ्यांची मोठी जुडी पूर्ण गेली. मागच्या अपडेटला पानाचं बूच लावलेल्या ज्या पुंगळ्यांचे फोटो टाकले होते ना, त्याच. बाहेरून अजूनही एक नंबर दिसतात, पण एका बुचाला मिलिमीटरभराचं भोक दिसलं आणि डोकं ठणकलं, म्हणून ती पुंगळी उभी चिरली.

आत पानकापीचं काम बघून जीव हळहळला. लांबट तुकड्यांच्या भिंती, गोल तुकड्यांची झाकणं, कप्प्यामागे कप्पा, एका कप्प्याला तर बोगनवेलीचा गुलाबी तुकडा लावलेला. पण कोषात मलईच्या रंगाची गुबगुबीत अळी पाहिजे तिथं नुसतं वाळकं साल, आणि त्याला चिकटून खसखशीसारखे बारीक काळसर प्यूपा (अळी आणि पूर्ण किडा यांच्या मधली अवस्था), इतके की मोजायची इच्छाच झाली नाही. पुढची पुंगळी चिरली, तेच. त्याच्या पुढची, तेच.

मोबाईलला क्लिप लेन्स लावून बघितलं तर मेलिटोबिया. ज्यांना अजून भेटली नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही दीडेक मिलिमीटरची गांधीलवर्गातली परजीवी आहे. मादी फटीतून आत शिरते, पूर्ण वाढलेल्या अळीला डंख मारून लुळं करते आणि तिच्या अंगावर अंडी घालते, एकेक मादी शेकड्यांनी. पिल्लांमध्ये जवळपास सगळ्या माद्याच निघतात. नर अगदी थोडे, पिवळट रंगाचे, आंधळे, त्यांना उडता येत नाही, जन्मले त्याच कोषात एकमेकांशी मरेपर्यंत भांडतात. मला एक नर सापडला, पाय तुटलेला. माद्या मग मिळून भोक कुरतडून बाहेर पडतात आणि गरम हवेत दोन-तीन आठवड्यांत पुढची पिढी तयार. म्हणजे पानकापीची एक पिढी होईतो यांच्या कितीतरी.

आता डोकं खाणारा प्रश्न हा की फक्त कोठ्यावरचीच जुडी का. तुम्हाला आठवत असेल, तीन ठिकाणी टांगल्या होत्या: कोठा, विहिरीजवळचा निंब, आणि तुरीच्या धुऱ्यावर खुंट्यांना लहान लहान जुड्या. बांबू तोच, आमच्या बुरूड काकांकडचा, एका बाजूला गाठ ठेवून कापलेला, सहा ते दहा मिलिमीटर आतून. धुऱ्यावरच्या बऱ्याच चिरून बघितल्या, एकीतही मेलिटोबिया नाही. निंबावरच्या एका पुंगळीत टोकदार पोटाची कोइलिऑक्सिस निघाली. तिचं मला वाईट वाटत नाही, ती पानकापीच्या घरात अंडं घालणारी माशी आहे, पानकापी भरपूर असल्याशिवाय ती टिकूच शकत नाही, म्हणून ती दिसली तर मी चांगलंच धरतो. मेलिटोबियाचं तसं नाही, ती सगळं साफ करते.

विचार करून करून शेवटी कोठ्याच्या टिनाखाली टॉर्च मारला. तिथं कुंभारीण गांधीलमाशीची मातीची घरं, वर्षानुवर्षांची, एकावर एक. एक जुनं घर सुरीनं उचकटलं. समोरच्या कप्प्यात तिनं आणून ठेवलेले कोळी सुकलेले, आणि मागच्या कप्प्यात तेच बारीक प्यूपा! मेलिटोबियाला कुंभारीण काय आणि पानकापी काय, दोन्ही चालतात. ती फार लांब उडत नाही, चालत आणि उड्या मारत जाते, मग हातभर अंतरावर पुंगळीला पुंगळी चिकटलेली जुडी असली की एकीतून दुसरीत जायला कितीसा वेळ लागतो. कोड्याचं उत्तर मिळालं तेव्हा जुडी गेल्याचं दुःख थोडा वेळ विसरलो, खरं सांगतो.

याच कारणानं माझं मत आता पक्कं झालंय की ऑनलाईन मिळणारे ते मोठमोठे बी हॉटेल (माश्यांसाठी नळ्या भरलेल्या तयार पेट्या) घेऊच नका, त्यातही नळ्या अशाच एकमेकींना चिकटलेल्या असतात. शिवाय मी मागवलेल्याची भोकं चौदा मिलिमीटरची, दोन्हीकडून आरपार, आणि काही नळ्या प्लास्टिकच्या ज्यात आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते. एकही माशी फिरकली नाही. बुरूड काकांची पुंगळी शंभर पटीनं सरस. बेशरमाच्या पोकळ काड्याही धुऱ्यावर लावल्यात, बारक्या माश्या त्यात जाताना दिसतात.

आता उपाय. कॅनडात लसूणघासाच्या बियाण्यासाठी मेगाकाइल रोटुंडाटा ही पानकापीच पाळतात, तिथं उबवणीच्या खोलीत निळसर अल्ट्राव्हायोलेट दिवा आणि खाली पाण्याचं ताट ठेवतात, बारीक परजीवी उजेडाकडे येऊन पाण्यात पडतात. मी कोठ्यात तेच करणार होतो, दिव्याची चौकशीपण केली. पण हे लिहिता लिहिता लक्षात येतंय की ती बंद खोलीची पद्धत आहे, आपल्या उघड्या कोठ्यात त्या दिव्यावर गावभरचे किडे-पाखरं येतील आणि मेलिटोबिया पुंगळीतच राहील. त्यापेक्षा बूच लागलेली प्रत्येक पुंगळी वेगळी काढून काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये ठेवायची आणि तोंडाला आपला कापूस, घट्ट. सैल कापसातून ती निघते म्हणून घट्ट. नागपूरच्या लॅबवाल्याकडून ट्यूब आणल्यात, चांगल्या जाड काचेच्या आहेत. ज्या ट्यूबमध्ये बारीक काही हललं ती तिथंच संपवायची, बाकीच्या वाचतील. दिवा कॅन्सल.

आणि कोठ्यावर परत काही टांगायचं नाही. कुंभारीणची घरं पाडणार नाही, तीही आमच्या वावरातलीच आहे.

तुरीवरचं मात्र मस्त चाललंय. आमची मारोती जातीची तूर पूर्ण फुलोऱ्यावर आहे, दुपारच्या उन्हात पानकापी येते, फुलाच्या खालच्या होडीसारख्या पाकळीवर बसते, तिच्या वजनानं ती पाकळी खाली दबते आणि आतला केसर-कुक्षीचा दांडा वर येऊन सरळ तिच्या पोटाला घासतो. हिची परागाची झोळी पायाला नाही, पोटाखालच्या केसांत असते, त्यामुळे उडताना पोट पिवळंधमक दिसतं. तूर स्वतःच्या परागावरही शेंगा धरते, पण इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेनं जी संकरित तूर काढली तिच्या मादी ओळीत पराग तयारच होत नाही, तिथं सगळं बीजोत्पादन या माश्यांवर. शेजारचे काका बघत उभे होते, म्हणाले, "काऊन जी भाऊ, या पुंगळ्या कायले बांधल्या?" त्यांना माशीचं पोट दाखवलं, क्लिप लेन्समधून. अळीसाठी इमामेक्टिन हे कीटकनाशक मारायचं होतं त्यांना, ते दुपारऐवजी दिवस मावळताना मारतो म्हणाले. हे मला जुडीपेक्षा मोठं वाटतं.

आणखी एक सुचलंय. तुरीच्या आधी, भादव्यात, पानकापीला खायला काय? बोरू! बोरूच्या फुलात पानकापी किंवा काळा भुंगा यांच्यासारखी दणकट माशी आल्याशिवाय बी नीट धरत नाही, म्हणजे खाऊही आणि किती माश्या आहेत याचा अंदाजही. हिरवळीच्या खतासाठी आपण तो फुलायच्या आत गाडतो, यावेळी धुऱ्याला लागून एक पट्टा न गाडता सोडणार, आणि पुंगळ्या त्याच पट्ट्यात, दोन-तीनच्या जुड्या, एकमेकींपासून लांब लांब.

अकोला-अमरावतीकडे कोणी पुंगळ्या टांगल्या असतील तर एक चिरून बघा आणि जवळपास कुंभारीणचं घर आहे का तेवढं सांगा. आणि बोरूचं गावरान बी कोणाकडं असेल तर मला पायलीभर पाहिजे.