ठ

दुपारी ओटा पुसून नुकती आडवी झाले होते, तेवढ्यात भावाचा फोन. "ताई, गुरुजींनी अक्षर काढलं. हस्त नक्षत्र, चौथं चरण. ठ."

थोडा वेळ दोघंही गप्प. मग त्यानेच धीर करून विचारलं, "ठमा?"

हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ. पोरगी पाच-सहा तास आधी आली असती तर 'ण' वाट्याला आला असता, असं म्हणून पाहिलं. त्याचं काही समाधान झालेलं दिसलं नाही.

अर्थात 'ठ' पत्रिकेत राहील, हाक मारायला दुसरं ठेवतील. खरी पंचाईत भावजयीची आहे. तिला नाव हवंय दोन अक्षरी, जोडाक्षर नसलेलं, अर्थ असलेलं आणि कुणाचंच नसलेलं. आर्या नको, स्वरा नको, अन्वी तर नकोच नको. मी ओवी सुचवलं, तर त्यांच्या सोसायटीत दोन ओव्या आधीच आहेत आणि तिसरी पाळणाघरात येते. नीरा म्हटलं, तर भाऊ म्हणाला, "ती स्टँडवर ग्लासाने मिळते."

तिचं दुखणं मला कळतं. मी मनीषा. आमच्या वर्गात आम्ही चौघी होतो. बाईंनी नाव घेतलं की चार बाकांवरून चार जणी उठायच्या. एक उंच मनीषा, एक चष्मेवाली, एक गाणारी. मी ना उंच, ना चष्मेवाली, गाण्याचं तर विचारूच नका, म्हणून मी 'दुसरी मनीषा'. पहिली कोण, हे कधी ठरलंच नाही. अजूनही रस्त्यात मागून कुणी 'मनीषा' अशी हाक मारली तर मी वळत नाही. माझ्यासाठी नसणारच.

पण वेगळं नाव शोधून तरी काय होतं? चुलत बहिणीच्या बारशाला मी सात वर्षांची होते. घरभर घुगऱ्यांचा वास. वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून फिरवत होते, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या', आणि तो वरवंटा बाळापेक्षा गुटगुटीत दिसत होता. मग आत्या वाकली, बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, आणि ठरल्याप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. त्यातला एक माझ्या काकूचा. त्यात नणंदेचा बराच जुना हिशेब असावा. आत्याला असा ठसका लागला की नाव कुणाला कळलंच नाही. महिनाभर पुस्तकं चाळून काढलेलं नाव! अर्धं घर 'सुमिता' म्हणत होतं, अर्धं 'सुनीता'. आजीने भांडण मिटवलं. ती त्या मुलीला शेवटपर्यंत बबी म्हणाली.

या खेपेला आत्या मी आहे. पाठ माझी आहे.

फोनवर भाऊ नावं वाचत होता आणि माझ्या डोक्यात भलतंच आलं. २०११ साली सातारा जिल्ह्यात एक कार्यक्रम झाला होता. २८५ मुलींनी आपली नावं बदलून घेतली. त्यांची नावं नकुशा, नकोशी. मुलगा हवा होता, मुलगी झाली, म्हणून नकोशी. शाळेच्या हजेरीतही तेच. रोज सकाळी 'नकुशा' म्हटलं की 'हजर' म्हणायचं.

नवं नाव निवडायची वेळ आली तेव्हा कुणी ऐश्वर्या घेतलं, कुणी सावित्री, कुणी वैशाली. मी ती बातमी वाचली तेव्हा पहिल्यांदा मनात आलं होतं, वैशाली? आमच्या वर्गात त्याही तीन होत्या.

हे काही मी भावाला बोलले नाही. बाळंतिणीच्या घरात असलं बोलू नये. "ताई, ऐकतेयस ना?" तो म्हणाला.

"ऐकतेय," मी म्हटलं. "तुमच्याकडे वरवंटा आहे का रे?"

"मिक्सर आहे," तो म्हणाला.