‘पंचनामा झाला, सर’ एवढ्यावर भागत नाही

मालिकेचा पहिला भाग वाहिनीवर येण्याआधी निवडक प्रेक्षकांना दाखवायचा आणि त्यांना बोलतं करायचं, हे माझं काम. आकडे द्यायला बार्क ही टीव्हीचे प्रेक्षक मोजणारी संस्था आहे. २०१५ पासून तिची मोजणी सुरू आहे. निवडक घरांतल्या टीव्हीला जोडलेलं यंत्र वाहिनीच्या आवाजात मिसळलेली, कानाला न कळणारी खूण ओळखतं, आणि घरातला प्रत्येकजण टीव्हीसमोर बसताना रिमोटवरचं आपलं बटण दाबतो. कोण कधी उठलं ते त्यातून कळतं. का उठलं ते मात्र माणसांसमोर बसल्याशिवाय कळत नाही, आणि म्हणूनच हे काम मला मनापासून आवडतं.

त्या दिवशीचा ग्रुप कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये होता. मालिका गुन्ह्यांच्या तपासाची. ती अजून पडद्यावर आलेली नाही, त्यामुळे नाव सांगता येणार नाही. दोन तरुण तपास अधिकारी, एकमेकांना अजिबात न शोभणारे. पुण्याहून आलेली, प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय पाऊल न टाकणारी फौजदार मुलगी आणि कोल्हापूरच्या तालमीत वाढलेला, नाकाच्या शेंड्यावर राग असलेला तिचा सहकारी. सगळी भिस्त या दोघांच्या भांडणावर होती. मला दिलेल्या प्रश्नावलीत निम्मे प्रश्न त्यावरचेच: जोडी आवडली का, कोण जास्त आवडलं, पुढे त्यांचं जमावं असं वाटतं का.

भाग संपला, चहा आला आणि पहिला घाव गंगावेशीतल्या एका मुलाने घातला. तो स्वतः रोज आखाड्यात उतरणारा. ‘‘तालमीतला पोरगा वस्तादांसमोर मान वर करत न्हाई. ह्यो साहेबांसमोर टेबल आपटायलाय. ह्येला कुठल्या तालमीनं ठेवून घेतला असता?’’ हॉल हसला, पण तो हसत नव्हता. राग गिळायला शिकवणारी जागा म्हणजे तालीम, आणि लेखकाने नेमकं उलटं धरलं होतं. गुजरीत सराफाच्या दुकानात काम करणाऱ्या ताईंना मुलीबद्दल तक्रार होती. दिवसभर ती काही खात नाही, तिला घरून एक फोन येत नाही. ‘‘हिला आई न्हाई व्हय?’’ असं त्यांनी विचारलं, आणि मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं.

एक निवृत्त शिक्षक १९९८ पासून ‘सीआयडी’ बघणारे. त्यात प्रयोगशाळेतले डॉ. साळुंखे उभ्या उभ्या निदान सांगायचे ते कसं चालायचं, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘ती मालिका ‘मी खरी आहे’ असं कधी म्हणत नव्हती. दया दार तोडणार हे आम्हाला आधीच माहीत असायचं, त्यासाठीच तर बसायचो. ही मालिका पहिल्याच पाटीवर ‘वास्तव तपास’ असं लिहिते. मग हिला सूट नाही.’’ मला हे मत फार मोलाचं वाटतं. प्रेक्षक खोटं सहज चालवून घेतो, मात्र आधी दिलेला शब्द मोडलेला त्याला चालत नाही.

वकिलीचं शिक्षण घेणाऱ्या एका मुलाने तर वहीच काढली. कोल्हापुरात प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा असताना नमुने मुंबईला का धाडले? १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, मग घरझडतीत कुणाच्याही हातात मोबाईल का नाही? त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण बाकीचे जरा कंटाळले, हेही मला नोंदवावं लागलं.

कसबा बावड्याच्या एक मावशी तोवर गप्प होत्या. साठीच्या आसपासच्या, पदर खांद्यावरून पुढे घेतलेल्या. मी म्हटलं, ‘‘मावशी, तुम्हाला काय वाटलं?’’

‘‘त्यो शिपाई आला आन् म्हनला, पंचनामा झाला, सर. झाला म्हंजे? कुनी क्येला? पंच कोन हुतं?’’

आणि मग त्यांनी सांगितलं की त्या स्वतः पंच होत्या. शेजारच्या घरात चोरी झाली, पोलिसांनी दोन माणसं मागितली, गल्लीतले पुरुष कामाचं निमित्त काढून पांगले, आणि मावशी उभ्या राहिल्या. तपासाला आले होते दोघं. एक नाशिकहून प्रशिक्षण संपवून नुकतीच आलेली फौजदार पोरगी, दुसरा निवृत्तीला टेकलेला हवालदार. मी कान टवकारले. आमच्या लेखकांनी कागदावर जुळवलेली जोडी या बाईंनी आपल्या गल्लीत बघितली होती.

‘‘ती पट्टी लावून सगळं मोजायची. कडी जमिनीपासनं किती, खिडकी किती. त्यो आमच्या कट्ट्यावर बसून च्या प्यायचा आन् कुत्री कधी भुकली ते इचारायचा. तिला वाटायचं ह्यो येळ घालवायलाय, त्याला वाटायचं ही पोरगी कागदच रंगवायलीय. दिसायचं की तोंडावर. पर आमच्यासमोर एक शब्द न्हाई काढला दोगांनी.’’

मग त्यांनी दोन्ही हात पुढे करून दाखवलं. तुटलेलं कुलूप कागदात कसं गुंडाळलं, दोरा कसा आवळला, लाख वितळवून शिक्का कसा उठवला, आणि वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर त्यांनी सही कुठे केली. सही करताना हवालदार म्हणाला होता, ‘‘वाचून सही करा, आक्का. कोर्टात तुम्हालाच इचारनार हाईत.’’ आणि खरंच विचारलं. काही वर्षांनी समन्स आलं. ती पुडी समोर ठेवली, सही तुमचीच का म्हणून विचारलं. आरोपीच्या वकिलाने खोदून खोदून विचारलं, पोलिसांनी सांगितलं म्हणून सही केली ना? दुसरा पंच फितूर झाला होता. मावशी म्हणाल्या, मी वाचूनच केली.

हॉलमध्ये कुणी कप उचलेना. गंगावेशीतला मुलगा पुढे सरकून बसला होता. शिक्षकांनी हळूच विचारलं, ‘‘मग पुढं?’’

‘‘शिक्षा झाली. गंठन काय मिळालं न्हाई तिचं.’’

त्यानंतर प्रश्नावली मी बाजूला ठेवली. पुढचा वेळ सगळे एकाच गोष्टीवर बोलत राहिले: पट्टी लावणारी आणि चहा पिणारा यांच्यातला फरक कामातून दिसतो, मग तो आरडाओरड्यातून कशाला दाखवायचा? गुजरीच्या ताई म्हणाल्या, ‘‘ही मालिका असती तर मी रोज बघितली असती.’’ जोडीत पुढे प्रेम व्हावं का, हा प्रश्न विचारायची मला गरजच वाटली नाही.

अहवाल लिहायला बसले तेव्हा नेहमीसारखे तक्ते केले, पण पहिल्या पानावर मावशींचं बोलणं घातलं, त्यांच्याच भाषेत. वाहिनीबरोबरच्या बैठकीत अपेक्षित हरकत आली: पंचनामा म्हणजे लिखापढी, तिथे लोक चॅनल बदलतात. मी सांगितलं की लिखापढी कंटाळवाणी वाटते ती तिथे कुणाचं काही पणाला लागलेलं नसतं म्हणून. इथे एका बाईची सही पणाला लागली होती आणि सगळा हॉल श्वास रोखून ऐकत होता. शिवाय दोघांचे स्वभाव दाखवायला याहून चांगली जागा सापडायची नाही. ती मोजते, तो गप्पा मारतो, आणि दोघांना एकाच कागदावर पंचांची सही घ्यायची असते.

लेखकांपैकी एकीने बैठक संपल्यावर मला गाठलं आणि मावशींशी बोलता येईल का विचारलं. मी मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘‘येऊ द्या की. खरं आधी कोर्टात जाऊन बघून या म्हनावं, मग माझ्याकडं.’’ ती आता सत्र न्यायालयात जाऊन बसते आहे. पहिल्या भागाचं पुन्हा चित्रीकरण करायचं की नाही, हे खर्चाचा हिशेब मांडून वाहिनी ठरवेल. करावं, असं मी लेखी कळवलं आहे.