मधुमेही पायाची जखम हायपरबॅरिक चेंबरपर्यंत नेताना: माझा अनुभव

पाठवणीच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा एकच ओळ असते: ‘जखम भरत नाही, एचबीओटी द्यावी.’ एचबीओटी म्हणजे हायपरबॅरिक ऑक्सिजन उपचार: बंद चेंबरमध्ये वाढवलेल्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देणं. चिठ्ठीतल्या त्या ओळीपासून चेंबरच्या दारापर्यंत मी ज्या क्रमाने जाते, तो इथे मांडते आहे. या कामात नव्याने येणाऱ्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना तो उपयोगी पडावा. उपचार फसतो तेव्हा चूक बहुधा चेंबरचं दार लागायच्या आधीच झालेली असते.

पहिलं काम ड्रेसिंग पूर्ण काढायचं आणि कडेचा घट्टा, मेलेली ऊती साफ करायची. मोजमाप त्यानंतर. घट्ट्याखाली जखम पोखरत गेलेली असते, त्यामुळे साफ न करता घेतलेली लांबी-रुंदी खोटी असते. पुढच्या आठवड्यात नीट डिब्राइडमेंट, म्हणजे ही साफसफाई, झालं की तीच जखम कागदावर ‘वाढलेली’ दिसते. मग निर्जंतुक, बोथट धातूचा प्रोब तळाशी हलक्या हाताने टेकवते. दगडावर टेकल्यासारखं टणक, खरखरीत लागलं तर संसर्ग झालेल्या जखमेत हाडापर्यंत पू गेल्याची शंका पक्की धरून पुढच्या तपासण्या लावते. साध्या एक्स-रेमध्ये हाडातला बदल दिसायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, म्हणून सुरुवातीचा स्वच्छ एक्स-रे पाहून मी निर्धास्त होत नाही. एमआरआय करून घेते. हाडाचा संसर्ग किंवा खोल गळू असलेली जखम वॅग्नरच्या प्रतवारीत (मधुमेही पायाची जखम किती गंभीर, हे सांगणाऱ्या) श्रेणी ३ मध्ये जाते आणि चेंबरचा गंभीर विचार साधारण तिथून सुरू होतो.

त्याच भेटीत पायावरचा भार पाहते. तळव्याच्या जखमेला टोटल कॉन्टॅक्ट कास्ट (पायाला सगळीकडून चिकटून भार वाटून घेणारं प्लास्टर) किंवा काढता न येणारा बूट दिलेला नसेल, तर आधी तो. रुग्ण दिवसभर त्याच जखमेवर चालत असेल तर दीड-दोन तासांच्या ऑक्सिजनने जे बांधलं, ते बाकीच्या बावीस तासांत चिरडलं जातं. भार काढून, संसर्ग आवरून, साखर आटोक्यात आणून चार आठवडे नेटाने उपचार केले आणि तरीही क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही, तर ही जखम नेहमीच्या वाटेने भरणार नाही असं मी मानते.

आता रक्तपुरवठा. इथे घाई झाली की पुढचं सगळं वाया जातं. मधुमेहात घोट्याच्या धमन्यांमध्ये कॅल्शियम साचतं, पट्टा फुगवूनही त्या दबत नाहीत आणि घोटा-दंड निर्देशांक (घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा) १.३ च्या वर, म्हणजे वरवर ‘उत्तम’ येतो. त्या आकड्यावर विसंबून कुणी पाय सुरक्षित ठरवू नये. पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब घ्यावा. तो ३० मिमी पाऱ्याच्या खाली असेल तर पाय धोक्यात आहे आणि रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदाला त्याच दिवशी कळवायला हवं.

त्यानंतर त्वचेवरून ऑक्सिजन मोजायचा; या तपासणीला टीसीपीओटू म्हणतात. टीसीपीओटूचा इलेक्ट्रोड त्वचा ४३ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो, त्यामुळे खालच्या केशवाहिन्या उघडतात. रुग्ण उताणा, खोली उबदार, पायावर पांघरूण. इलेक्ट्रोड जखमेच्या जवळच्या धड त्वचेवर बसवायचा. हाडाचा उंचवटा, वर दिसणारी शीर, स्नायुबंध आणि तळव्याची जाड कातडी टाळायची. चिकट कड्याखाली हवेचा एक बुडबुडा राहिला तरी आकडा फसवा निघतो, म्हणून कडं लावल्यावर बोटाने चहूबाजूंनी दाबून घ्यावं. एक संदर्भ इलेक्ट्रोड छातीवर. मग १५ ते २० मिनिटं थांबायचं. आकडा आधी झपाट्याने खाली येतो, खालीच रेंगाळतो, हळूहळू चढतो आणि एका जागी ठरतो. ठरल्यावरच लिहायचा.

४० मिमी पाऱ्याच्या खाली म्हणजे ऊतीला ऑक्सिजन कमी पडतो आहे. त्यानंतर मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन देऊन दहा मिनिटांनी पुन्हा पाहते. आकडा चांगला उसळला तर रक्ताची वाट उघडी आहे, फक्त माल कमी पोचतो. हललाच नाही तर वाटच बंद आहे, आणि तो रुग्ण अँजिओप्लास्टी किंवा बायपासच्या विचारासाठी आधी जायला हवा. पायाला सूज किंवा सेल्युलायटिस (त्वचेखालच्या ऊतीचा संसर्ग) असेल तर आकडा मुळातच खाली येतो. अशा वेळी सूज उतरवून तपासणी पुन्हा करते. प्रत्यक्ष चेंबरमध्ये दाबाखाली २०० च्या वर गेलेला आकडा मला सगळ्यांत विश्वासाचा वाटतो. तिथेही १०० गाठत नसेल तर या उपचारातून फारसं काही हाती लागायची शक्यता कमी.

दाबाने नेमकं काय साधतं? साध्या हवेत १०० मिली रक्ताच्या द्रवात सुमारे ०.३ मिली ऑक्सिजन विरघळलेला असतो. तीन वातावरण दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला की तो सहा मिलीच्या आसपास जातो, म्हणजे हिमोग्लोबिनशिवायही स्वस्थ पडलेल्या शरीराची गरज भागावी इतका. ॲमस्टरडॅमच्या बूरेमा यांनी १९६० मध्ये डुकरांवर हेच दाखवलं होतं. मधुमेही पायासाठी इतका दाब लागत नाही; २.० ते २.५ एटीए, म्हणजे नेहमीच्या हवेच्या दाबाच्या दोन ते अडीच पट, पुरतो. पेशींना जंतू मारायला आणि कोलॅजन घट्ट विणायला ऑक्सिजन लागतो, पण तो वाढलेला साठा सत्रानंतर काही तासांतच ओसरतो. टिकतं ते नव्या केशवाहिन्यांचं जाळं, आणि त्याला आठवडे लागतात. पाचव्या सत्राला जखम तशीच दिसली म्हणून रुग्णाने किंवा आपण धीर सोडायचं कारण नाही.

रुग्ण चेंबरसाठी योग्य आहे का, हे तपासताना उपचार न झालेला न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत अडकलेली हवा) ही सरळ मनाई. म्हणून छातीचा एक्स-रे नवाच हवा. जुना सीओपीडी (श्वासनलिका आकसण्याचा आजार), फुप्फुसात हवेचे फुगे, पूर्वी घेतलेलं ब्लिओमायसिन, चालू असलेलं डॉक्सोरुबिसिन किंवा सिसप्लॅटिन (तिन्ही कर्करोगाची औषधं), आकडीचा इतिहास, ताप, सर्दी हे सगळं विचारायचं. हृदयाचा इको माझ्याकडे प्रत्येक मधुमेही रुग्णाला लागतो. दाबाखालचा ऑक्सिजन धमन्या आखडवतो, हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यावरचा बोजा वाढतो आणि आधीच दुबळं हृदय फुप्फुसात पाणी सोडू शकतं. पेसमेकर असेल तर तो किती दाबापर्यंत चालतो, हे उत्पादकाकडून लेखी घ्यावं.

सत्राच्या दिवशीची तयारी कंटाळवाणी वाटते, आणि नेमकी तिथेच ढिलाई होते. १९९७ मध्ये मिलानच्या चेंबरला लागलेल्या आगीत अकरा जण गेले. हात गरम ठेवायचा, आत नेला गेलेला छोटा हीटर त्याला कारण ठरला. म्हणून खिसे मी दोनदा तपासून घेते. शंभर टक्के सुती कपडे. केसांना तेल नाही, ओठांना किंवा टाचेच्या भेगांना पेट्रोलियम जेली नाही, मोबाइल नाही, श्रवणयंत्र नाही. पॅराफिन लावलेली जाळी जखमेवर असेल तर ती काढून सलाइनचं ओलं गॉज. एकट्या रुग्णाच्या, पूर्ण ऑक्सिजनने भरलेल्या चेंबरमध्ये मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधलेला असलाच पाहिजे.

निगेटिव्ह प्रेशर (जखमेत फोम बसवून पंपाने सतत शोषण) लावलेली जखम असेल तर पंप बाहेरच राहतो. नळी काढल्यावर तिला चिमटा लावायची हाताची सवय असते; इथे ती मोडावी लागते. नळी उघडी ठेवून तोंडावर ओलं सुती गॉज गुंडाळायचं, म्हणजे दाब बदलताना आतली हवा अडकत नाही. फोम पंपाविना एकूण दोन तासांहून जास्त राहू द्यायचा नाही, म्हणून सत्र संपताच पंप जोडायची जबाबदारी एका ठरलेल्या व्यक्तीवर असावी.

साखर दार बंद करण्यापूर्वी मोजायची. सत्रात ती उतरते, म्हणून १२० मिग्रॅच्या खाली असेल तर खायला देऊन पुन्हा पाहते. घाम, अस्वस्थपणा, मळमळ ही चिन्हं साखर घसरल्याचीही आणि ऑक्सिजनच्या विषबाधेचीही. बाहेरून काचेतून दोन्ही सारखीच दिसतात. साखर आधीच माहीत असेल तर निर्णय लवकर होतो.

दाब चढवताना पहिली काही मिनिटं कानांची. बॉइलच्या नियमाने (दाब वाढला की हवेचं आकारमान घटतं) आकारमानातला सर्वांत मोठा फरक सुरुवातीलाच पडतो, म्हणून पहिल्या पाच पीएसआयपर्यंत (दाबाचं एकक; इथे बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब) मी मिनिटाला एक पीएसआयच्या पुढे जात नाही. २.४ एटीए म्हणजे साधारण २०.६ पीएसआय, पुढचा टप्पा थोडा वेगाने चालतो. काचेपलीकडे रुग्णाचा गळा पाहावा. गिळताना कंठ वर-खाली होतो आहे, चेहरा सैल आहे, तर ठीक. भुवया आक्रसल्या, हात कानाकडे गेला की लगेच थांबायचं आणि एक-दोन पीएसआय खाली यायचं. नाक दाबून गिळायला सांगायचं, कानांतले दडे सुटले की पुन्हा चढवायचं. ‘अजून जोरात फुंका’ असं कधीच सांगू नये. कान आणि घसा जोडणाऱ्या बंद युस्टेशियन नळीवर जोर केला तर आतल्या कानाला इजा होते. दोन-तीन सत्रांत जमलंच नाही तर कानाच्या पडद्यात नळी बसवून घ्यावी.

ठरलेल्या दाबावर ९० मिनिटं ऑक्सिजन, दर ३० मिनिटांनी ५ मिनिटं साधी हवा. ही विश्रांती वेळ वाचवण्यासाठी गाळू नये. आकडीचा धोका तिनेच कमी राहतो. ओठ फडफडणं, कानात आवाज, नजर आक्रसणं दिसलं तर ताबडतोब ऑक्सिजन बंद करून हवा. आकडी आलीच तर दाब आहे तिथेच ठेवायचा. अंग ताठरलेलं असताना घशाचं दार बंद असतं. त्या क्षणी दाब उतरवला तर फुगणारी हवा फुप्फुस फाडते. श्वास पुन्हा सुरू झाल्यावरच खाली यायचं.

आठवड्याला पाच, एकूण ३० ते ४० सत्रं. दर आठवड्याला त्याच अंतरावरून फोटो आणि क्षेत्रफळ. तीस दिवसांत लाल दाणेदार ऊती नाही, खोली कमी नाही, तर मी थांबते आणि रक्तवाहिनी, हाड, भार यांची तपासणी पहिल्यापासून करते.

पुरावा एकमुखी नाही, हे रुग्णाला सांगायला हवं. २०१० च्या स्वीडनमधल्या ९४ रुग्णांच्या चाचणीत वर्षभरात ऑक्सिजनच्या गटात ५२ टक्के, तर त्याच चेंबरमध्ये साधी हवा घेणाऱ्यांत २९ टक्के जखमा भरल्या. २०१६ च्या कॅनडातल्या चाचणीत फरक दिसला नाही, पण तिथे पाय कापायची गरज फोटो पाहून ठरवली होती. २०१८ च्या नेदरलँड्समधल्या १२० रुग्णांतही ठळक फायदा निघाला नाही; ऑक्सिजनच्या गटातल्या साधारण एक तृतीयांश जणांना सत्रं पूर्णच करता आली नव्हती. रोज येणं झेपेल का, हा प्रश्न म्हणूनच मी निवडीच्या दिवशीच विचारते. न झेपणाऱ्यांसाठी पर्याय आता वाढले आहेत: सुक्रोज ऑक्टासल्फेटचं ड्रेसिंग, रुग्णाच्याच रक्तातून बनवलेली ल्युकोसाइटची (पांढऱ्या पेशींची) चकती, घरी वापरता येणारा जखमेवरचा ऑक्सिजन. तिघांच्याही नियंत्रित चाचण्या २०१८ ते २०२० दरम्यान आल्या आणि त्यांत फायदा दिसला.

शेवटच्या सत्राला दोन सूचना लिहून देते. दूरचं धूसर दिसत असेल तर नवा चष्मा आठ ते बारा आठवडे करू नये, ही तात्पुरती निकटदृष्टी सहसा आपोआप जाते. आणि जखम बंद झाली तरी भार कमी करणारा बूट उतरवायचा नाही, कारण नवी त्वचा पातळ असते आणि ती त्याच जागी पुन्हा फाटते.