हिराकस हिरवाच ठेवायचा तर

हिराकस म्हणजे पाण्याचे सात रेणू धरून बसलेले फेरस सल्फेट. निळसर हिरव्या स्फटिकांत वजनाने जेमतेम २० टक्के लोखंड. करायला सोपा, टिकवायला अवघड. दमट हवेत त्यावर पिवळट तपकिरी बुरशीसारखा थर येतो, तो बेसिक फेरिक सल्फेटचा. हवेतल्या ऑक्सिजनने फेरस लोखंडाचे जे पुढचे रूप होते, ते फेरिक. त्यामुळे मी सगळी कृती एकाच हिशेबाने बेतली: फेरसचे फेरिक होऊ द्यायचे नाही.

मापे अशी. पाणी ४५ मिलि, त्यात संहत सल्फ्युरिक आम्ल ५.५ मिलि, धारेने आणि ढवळत. आम्ल पाण्यात घालायचे, पाणी आम्लात कधीच नाही. एवढ्या आम्लाला ५.६ ग्रॅम लोखंड पुरते, पण मी ६.५ ग्रॅम घेतले. हे जास्तीचे लोखंडच खरे राखणदार. हवेने थोडे फेरिक तयार झालेच, तर शिल्लक लोखंड त्याला पुन्हा फेरसवर आणते. उलट आम्ल जास्त आणि लोखंड संपलेले, अशी वेळ आली की द्रावण पिवळे पडू लागते.

लोखंड म्हणून बारीक खिळे चालतात, मात्र जस्ताचा मुलामा असलेले नकोत. झिंक सल्फेट हिराकसाच्या स्फटिकांतच मिसळून बसते आणि पुढे वेगळे करता येत नाही. कीस घेतला तर फेस उसळून भांड्याबाहेर येतो. तेलकटपणा साबणाच्या गरम पाण्याने आधी काढायचा.

शंकुपात्र गरम पाण्याच्या भांड्यात ५० ते ६० अंशांवर ठेवले. एकूण सुमारे २.४ लिटर हायड्रोजन निघतो, म्हणून उघडी खिडकी हवी आणि जवळपास ज्योत नको. सोबत येणारा घाण वास पोलादातल्या गंधक-फॉस्फरसाचा, तळाशी उरणारी काळी भुकटी कार्बनची. दोन्ही पाहून घाबरायचे कारण नाही. उडून गेलेले पाणी अधूनमधून भरून काढायचे, नाहीतर खिळ्यांवरच पांढरट खपली धरते. बुडबुडे अगदी मंदावले, थोडे लोखंड अजून दिसते आहे, हीच गाळायची वेळ.

माझे पहिले गाळणे इथेच फसले. थंड नरसाळ्याच्या नळीत स्फटिक जमून ती तुंबली, आणि द्रावण वर हवेत ताटकळत राहिले. नरसाळे आणि गाळणकागद उकळत्या पाण्याने तापवून घेतल्यावर पुढच्या खेपेला काही मिनिटांत काम झाले. गाळलेल्या द्रावणात लगेच १ मिलि विरल सल्फ्युरिक आम्ल घालायचे, कारण आता राखणदार लोखंड सोबत नाही आणि आम्लात ऑक्सिडीभवन, म्हणजे फेरसचे फेरिक होणे, मंदावते.

यानंतरची पायरी बहुतेकांना चकवते. लवकर आटावे म्हणून द्रावण उकळू नये. हिराकसाची विद्राव्यता सुमारे ६० अंशांपर्यंत वाढते. ६४ अंशांच्या वर मात्र पाण्याचा एकच रेणू असलेला पांढरट क्षार स्थिर ठरतो, आणि तापवावे तसा तो कमी विरघळतो. तळाशी बसलेली ही पांढरी पूड कचरा समजून टाकली की माल गेला. ५५ अंशांच्या आसपास ठेवून द्रावण ३५ मिलिपर्यंत आणले, झाकून आधी खोलीच्या तापमानाला आणि मग बर्फात ठेवले.

हिशेबाने २७.८ ग्रॅम स्फटिक मिळायला हवेत, प्रत्यक्षात २० ग्रॅमच्या आसपास हाती येतात. उरलेला माल थंड द्रावणातच राहतो. तो काढण्याच्या हव्यासाने पुन्हा आटवले की दुसरी खेप हमखास पिवळट येते. मी तो नाद सोडला.

स्फटिक थोड्याशा थंड अल्कोहोलने धुवायचे आणि गाळणकागदांत दाबून कोरडे करायचे. ओव्हन नको, त्यात स्फटिकजल जाऊन ते पांढरे पडतात. अतिशय कोरड्या हवेतही पृष्ठभागावर तसेच होते. बाटली छोटी, काठोकाठ भरलेली आणि घट्ट बुचाची. तपासणी सोपी आहे: चिमूटभर माल विरल आम्लात विरघळवून पोटॅशियम थायोसायनेटचा थेंब टाकायचा. फिकट गुलाबी छटा चालते, रक्तासारखा लाल रंग आला तर फेरिक बरेच झाले आहे.

वापरतानाही नियम तोच. नुसत्या पाण्यात द्रावण काही वेळाने गढूळ होते, म्हणून पाणी उकळून थंड केलेले घ्यावे आणि त्यात आम्लाचे थोडे थेंब असावेत. चुनखडीच्या जमिनीत हिराकस टाकून पिवळी पाने सहसा हिरवी होत नाहीत, कारण लोखंड लगेच न विरघळणाऱ्या रूपात जाते. तिथे अर्धा टक्का द्रावण सायट्रिक आम्ल घालून पानांवर फवारणे बरे. कापड रंगवताना हिराकस रंग गडद आणि मंद करतो, टॅनिन या वनस्पतींतल्या तुरट द्रव्यासोबत काळा देतो, पण प्रमाण वाढले की धागा कालांतराने कुजतो. अनुमापनासाठी, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण घालून दुसऱ्या द्रावणाचे प्रमाण अचूक मोजण्यासाठी, मात्र मी हिराकस वापरत नाही. तिथे मोहरचा क्षार, म्हणजे अमोनियम सल्फेटसोबतचा जोडक्षार, हवेत कितीतरी जास्त टिकतो. आणि रक्तवाढीच्या गोळ्यांत फेरस सल्फेटच असले, तरी बाटलीतला घरगुती माल औषध नव्हे. लहान मुलांच्या पोटात थोडा जास्त गेला तरी जिवावर बेतते.