कौलं, कोशावा आणि क्रुश्चित्सा

गोळ्यांची पाकिटं बनवणाऱ्या ब्लिस्टर मशीनची गाइड पिन तुटून दोन दिवस उलटले होते. पिन बोटाएवढी, पण ती नसली की फॉर्मिंग प्लेट केसभर सरकते, गोळ्यांचे कप्पे तिरके पडतात आणि पुढे सीलिंगला फॉइल फाटतं. नवी पिन नाशिकहून निघाली होती आणि बेलग्रेडच्या कस्टममध्ये अडकली होती. सर्बियातल्या व्हर्शात्समध्ये मी मशीन बसवून चालू करून द्यायला, म्हणजे कमिशनिंगला, आलेला एकटा माणूस. तासातासाला प्लांट मॅनेजरचं तोंड बघण्यापलीकडे मला काम उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या फिटरने मला गाडीत बसवलं. तिकडे कसबी कारागिराला ‘मायस्तोर’ म्हणतात. आपला मेस्त्री पोर्तुगीजांकडून आला, त्यांचा मायस्तोर जर्मनांकडून, मूळ लॅटिन शब्द एकच. म्हणून मीही त्याला मायस्तोरच म्हणायचो.

“कोशावाने आईच्या गोठ्याची कौलं उडवलीत. तुला उंचीची भीती आहे का?”

कोशावा म्हणजे तिथला आग्नेयेचा वारा. सुटला की दिवसचे दिवस थांबत नाही. व्हर्शात्समध्ये पहिल्या दिवशी त्याने माझी छत्री उलटी केली होती, दुसऱ्या दिवशी मी छत्री हॉटेलातच ठेवली.

गाव बेला त्सर्क्वाजवळचं, क्रुश्चित्सा. क्रुश्का म्हणजे नाशपाती, तेव्हा हे नाशपातीचं गाव, असं मायस्तोर म्हणाला. झाड मात्र मला एकही दिसलं नाही. डॅन्यूब तिथून फार लांब नाही, आणि रोमानियाची हद्द त्याहून जवळ. त्याचे वडील सर्ब होते, आई रोमानियन.

कौलं आपल्या मंगलोरीसारखी खाचेची नव्हती. चपटी, जिभेच्या आकाराची, मागे एक छोटं नाक, ते लाकडी पट्टीला अडकवायचं. मायस्तोर वर, मी शिडीच्या मधल्या पायरीवर, आजी, म्हणजे त्याची आई, खाली. आजी एकेक कौल देताना मोजायची: उनू, दोय, त्रेय. मायस्तोर हातात घेताना: येदान, द्वा, त्री. मधे मी, तोंडातल्या तोंडात एक, दोन, तीन. सहा-सातला तिघंही इतके जवळ येत होतो की मी हसायलाच लागलो. शासे, शाप्ते. शेस्त, सेदाम. सहा, सात.

दमल्यावर आम्ही ओसरीत बसलो. मी सहज विचारलं, इथे सर्ब आणि रोमानियन भांडत नाहीत का?

“भांडतो की. पण एकदा एकत्रही उठलो होतो. १८०८ साली, याच गावात.”

“तुर्कांविरुद्ध?”

“नाही. आमच्याच बादशहाविरुद्ध. आम्ही त्याचेच सैनिक होतो.”

मी पेला खाली ठेवला. तुर्कांविरुद्धचा उठाव मला ठाऊक होता. १५९४ सालचा. व्हर्शात्सचे बिशप थिओडोर त्याचे पुढारी, झेंड्यावर सर्बांच्या संत सावाची प्रतिमा. तुर्कांनी बिशपांना जिवंत सोललं. तुर्की सेनापती सिनान पाशाने त्या संताचे अवशेष बेलग्रेडच्या व्राचारवर जाळले, आज तिथे प्रचंड चर्च उभं आहे. हे सगळं बेलग्रेडच्या टॅक्सीवाल्यानेही मला सांगितलं होतं. क्रुश्चित्साचं नाव त्याने काढलं नव्हतं.

मायस्तोर सांगत गेला. बनात म्हणजे हा सगळा प्रांत, आणि त्यातली ही पट्टी ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग बादशहांची ‘सैनिकी सीमा’ होती. इथला शेतकरी जमीन कसायचा आणि त्या बदल्यात आळीपाळीने डॅन्यूबवर पहारा द्यायचा, हाक आली की लढाईला जायचा. पलीकडून प्लेग येऊ नये म्हणून क्वारंटाइनची ठाणीही होती. सर्ब आणि रोमानियन एकाच पलटणीत, तिचं नावच वालाख-इलिरियन, वालाख म्हणजे रोमानियन, इलिरियन म्हणजे सर्ब. १८०७ च्या कायद्याने सगळं पक्कं बांधून टाकलं: जमीन म्हणजे चाकरीचा मोबदला, आणि घराणं एकत्र राहिलं पाहिजे.

त्यात नदीपलीकडे १८०४ पासून सर्ब पुढारी काराजॉर्जेचा तुर्कांविरुद्धचा उठाव पेटलेला. १८०७ मध्ये पश्चिमेला स्रेममध्ये फ्रुश्का गोरा डोंगराजवळच्या गावांतली कुळं वेठीला कंटाळून तित्सान नावाच्या पुढाऱ्याच्या मागे उठली. तित्सान पुढे सापडला आणि त्याला मारलं. आणि पुढच्याच वर्षी ठिणगी इथे. ज्यांच्या हाती पहारा, तेच बिथरले.

“किती दिवस चालला?”

“थोडेच,” असं म्हणून त्याने उडालेल्या छपराकडे हात केला.

मी गडहिंग्लजचा. शाळेची सहल सामानगडला जायची. तिथले गडकरी पिढ्यान्‌पिढ्या गड राखायचे आणि त्यावर मिळालेल्या जमिनी खायचे. इंग्रजांच्या सल्ल्याने चालणाऱ्या कोल्हापूरच्या कारभाऱ्याने त्या वहिवाटीला हात घातला, तेव्हा १८४४ साली त्यांनी गडाचे दरवाजे लावून घेतले. इंग्रजांना तोफा आणून गड घ्यावा लागला. सहलीत आम्हाला झुणका-भाकरी लक्षात राहिली आणि विहिरी, तेवढंच. मायस्तोरला हे सांगायला मला मशीनवरच्या इंग्रजीत बराच वेळ लागला. त्याने एकच प्रश्न विचारला.

“जमीन परत मिळाली का?”

मला धड उत्तर देता आलं नाही. तुमची सैनिकी सीमा कधी मोडली, एवढं मी उलट विचारलं. तो म्हणाला, १८७० नंतर, म्हणजे पणजोबांच्या वेळी.

दुपारी पुन्हा शिडीवर चढलो. वारा पडला नव्हता. कौल हातात घेतलं की ते पतंगासारखं ओढ घ्यायचं. शेवटची रांग बसवताना फोन वाजला. पिन कस्टममधून सुटली होती, संध्याकाळी प्लांटवर येणार होती. मी चटकन खाली उतरलो तर आजीने हात धरला. किती कौलं लागली ते तिला पक्कं करायचं होतं, कारण उरलेली शेजाऱ्याला परत द्यायची होती.

ती म्हणाली त्रेचाळीस. मायस्तोर म्हणाला एकेचाळीस. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी बेचाळीस मोजली होती.

आजी कंदील घेऊन गोठ्यात गेली आणि आतून पहिल्यापासून मोजायला लागली. उनू, दोय, त्रेय. मायस्तोरने गाडीची किल्ली खिशात परत ठेवली.