रॉड झिजतो म्हणून टाकी टिकते

अमेरिकेतल्या आरव्हीच्या (राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या) वॉटर हीटरमध्ये मला सगळ्यात जास्त कौतुक एका बोल्टचं वाटतं. सबर्बन कंपनीच्या हीटरला टाकी रिकामी करायचा बोल्ट आणि ॲनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी धातूची कांडी) एकच. थंडीत पाणी गोठू नये म्हणून टाकी रिकामी करावीच लागते, आणि बोल्ट सोडला की रॉड हातात येतो. आपल्या नाशिकच्या गिझरमध्येही असाच रॉड असतो, पण फ्लँजच्या, म्हणजे बोल्टने बसवलेल्या झाकणाच्या, आत. कॉइल जाईपर्यंत त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. यात आपल्या प्लंबरचा दोष नाही. दिसतच नाही ते तो कसं बघणार?

टाकी पोलादाची, आतून काचेसारखा मुलामा. मुलाम्याला बारीक चीर गेली की तिथे गंज धरतो. रॉडमधलं मॅग्नेशियम लोखंडाच्या आधी झिजतं, म्हणून टाकी वाचते. ॲटवुड या दुसऱ्या कंपनीच्या हीटरची टाकी ॲल्युमिनियमची, तिला रॉड नसतो; बसवायलाही जाऊ नका.

रॉड काढायचा तर आधी गॅस आणि वीज दोन्ही बंद. पाणी पूर्ण गार होऊ द्या. पंप आणि बाहेरून येणारं पाणी बंद करून गरम पाण्याचा नळ उघडा, मग सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचला. दाब न सोडता बोल्ट फिरवलात तर रॉड जोरात बाहेर उडतो, मागोमाग सहा गॅलनच्या टाकीतलं सुमारे २३ लिटर पाणी. म्हणून बाजूला उभं राहा. गोटी (सॉकेट पाना) १ पूर्णांक १/१६ इंची लागते. नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीतल्या वर्कशॉपमधली २७ मिमीची गोटी चपखल बसते. बोल्ट अडला तर लांब दांडी लावा, हातोडा नको, मुलामा तडकतो.

नवा रॉड गुळगुळीत. झिजलेला खडबडीत, खड्डे पडलेला, जागोजागी मधली तार उघडी. तीन चतुर्थांश झिजला की बदलाच. इथे अमेरिकेत मजुरी रॉडच्या किमतीच्या कितीतरी पट पडते, त्यामुळे हे काम स्वतः करण्यात कंजूषपणा नाही.

बारीक नळी आत घालून क्षाराचे पांढरे पापुद्रे धुऊन काढा. नव्या रॉडच्या पाऊण इंची आट्यांवर टेफ्लॉनचे दोन-तीन वेढे, आणि सुरुवात हातानेच. आटे तिरके चढले तर टाकीचेच आटे जातात. गरम नळातून हवा संपून सलग धार येईपर्यंत विजेचं बटण दाबू नका, कोरडी कॉइल लगेच जळते. गरम पाण्याला कुजक्या अंड्यांसारखा वास येत असेल तर ॲल्युमिनियम-जस्ताचा रॉड घ्या.

तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर पुढच्या वेळी गिझर उघडताना प्लंबरला सांगा, "दादा, रॉडपण बघा, आणि फ्लँजचं रबर नवं टाका."